परत पुण्यात राहायला येताना : वाचकांचे प्रश्न

परदेशातून कायमचं परतणाऱ्या वाचकांची पत्रं दोन प्रकारची असतात. निघण्याआधीच्या पत्रांत पैसा आणि सामान असतं. येऊन सहा-आठ महिने झालेल्यांच्या पत्रांत पाणी, औषधं, शाळा आणि घरातली माणसं. या वेळी दोन्हींतली निवडक पत्रं घेतली आहेत. जिथे एखादी तारीख किंवा आकडा चुकला तर वर्षभर निस्तरत बसावं लागतं, तिथे उत्तर मुद्दाम लांबवलं आहे.

आम्ही दोघं चौदा वर्षं अमेरिकेत आहोत. दसऱ्याच्या सुमारास बाणेरला कायमचे परत येतोय. भारतात कोणत्या तारखेला उतरायचं यावर कर ठरतो असं ऐकलं. आणि भारतातल्या एनआरई खात्यांचं (अनिवासी म्हणून उघडलेल्या रुपयांच्या खात्यांचं) काय करायचं?

तारखेला खरोखरच महत्त्व आहे. आपलं आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. त्यात तुमचे भारतातले दिवस १८२ किंवा जास्त भरले, तर त्या वर्षासाठी तुम्ही निवासी ठरता. १ ऑक्टोबरला उतरलात तर ३१ मार्चपर्यंत बरोबर १८२ दिवस होतात. २ ऑक्टोबरला उतरलात तर १८१, म्हणजे या नियमाने त्या वर्षी अनिवासीच. फेब्रुवारी २९ दिवसांचा असेल तर आणखी एक दिवस पुढे सरका.

लोक चुकतात ते पुढच्या तीन गोष्टींत. त्याच आर्थिक वर्षात मे महिन्यात लग्नासाठी तीन आठवडे येऊन गेला असाल, तर तेही दिवस धरले जातात. येण्याचा आणि जाण्याचा, दोन्ही दिवस मोजतात. आणि एक दुसरा नियमही आहे: त्या वर्षात ६० दिवस आणि मागच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात काढले असतील, तरी माणूस निवासी ठरतो. नुसत्या भेटीला येणाऱ्या भारतीय नागरिकांना या ६० दिवसांत सूट आहे, पण कायमचं राहायला येणाऱ्याने त्या सवलतीवर विसंबू नये. म्हणून तिकीट काढण्याआधी पासपोर्टवरचे शिक्के बघून मागच्या दहा वर्षांची वर्षवार यादी करा. ही यादी पुढेही लागणार आहे.

निवासी झाल्यावर लगेच परदेशातलं सगळं उत्पन्न इथे करपात्र होत नाही. मागच्या दहांपैकी नऊ वर्षं तुम्ही अनिवासी असाल, किंवा मागच्या सात वर्षांत भारतात ७२९ किंवा त्याहून कमी दिवस राहिला असाल, तर मधला एक दर्जा मिळतो. सीए त्याला 'आरएनओआर' (निवासी, पण सामान्यतः निवासी नसलेला) म्हणतात. समजा तुम्ही सलग चौदा वर्षं अनिवासी होता आणि नोव्हेंबरात उतरलात, तर ते वर्ष अनिवासी म्हणून जातं आणि त्यानंतरची दोन आर्थिक वर्षं साधारणपणे या दर्जात मिळतात. या काळात परदेशातलं व्याज, लाभांश, घरभाडं किंवा शेअर विकून झालेला नफा यांवर भारतात कर नाही. अट एवढीच, की तो पैसा आधी परदेशातल्या खात्यात जमा व्हावा आणि मग हवा तर इकडे पाठवावा. थेट भारतातल्या खात्यात पहिल्यांदा आला तर गणित बदलतं. फार वाढलेले शेअर विकायचे असतील तर ही दोन वर्षं वाया घालवू नका.

खात्यांचा कायदा मात्र वेगळा, आणि गोंधळ नेमका इथे होतो. परकीय चलनाचा कायदा दिवस मोजत बसत नाही, तुमचा इरादा बघतो. कायमचं राहण्यासाठी उतरलात की त्या दिवसापासून तुम्ही त्या कायद्याने निवासी. म्हणून बँकेला कळवून एनआरई आणि एनआरओ (भारतातल्या कमाईसाठीची अनिवासी) खाती साध्या निवासी खात्यांत बदलून घ्यायची. परकीय चलनातली एफसीएनआर ठेव मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येते. डॉलर डॉलरमध्येच ठेवायचे असतील तर आरएफसी, म्हणजे निवासी माणसाचं परकीय चलनातलं, खातं उघडा. परदेशातली मुलं, पुढचं शिक्षण किंवा पुन्हा जाण्याची शक्यता असेल तर ते फार सोयीचं पडतं. अनेक जण बँकेला काहीच न सांगता एनआरई ठेव तशीच ठेवतात आणि तिचं व्याज करमुक्त म्हणून दाखवत राहतात. ही सवलत दर्जाबरोबरच संपते.

मधला दर्जा संपला की विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचं स्वतंत्र परिशिष्ट भरावं लागतं: बँक खातं, शेअर, निवृत्ती खातं, सगळं. ते जानेवारी ते डिसेंबर या वर्षाचं असतं, मार्चअखेरचं नाही. हे परिशिष्ट न भरल्यास १० लाख रुपये दंड होऊ शकतो, मग उत्पन्न शून्य असलं तरी. निवृत्ती खात्यावरचा कर दरवर्षी न भरता पैसे काढताना भरण्याची सवलत अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडातल्या खात्यांना मागता येते. त्याचा फॉर्म विवरणपत्राच्या मुदतीआधी भरायचा, हे सीएला आठवण करून सांगा.

तुमच्याकडे ग्रीन कार्ड किंवा अमेरिकन नागरिकत्व असेल तर तिथलं विवरणपत्र चालूच राहतं. अमेरिकेबाहेरच्या सगळ्या खात्यांतली मिळून शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर त्याची वेगळी माहिती तिथे द्यावी लागते. आणि इथे आल्या आल्या म्युच्युअल फंडाचा एसआयपी सुरू करू नका. भारतीय म्युच्युअल फंडांना अमेरिकी करकायदा फार कडक नियम लावतो. प्रत्येक फंडाचा स्वतंत्र फॉर्म भरताना हिशेबनिसाची फी परताव्याहून जास्त व्हायची. आधी दोन्ही देशांचं काम करणाऱ्या सल्लागाराला विचारा.

निघण्याआधीचं एक शेवटचं काम: तिथला मोबाइल नंबर बंद करू नका. तिथल्या बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येतात आणि इंटरनेटवरून चालणारे नंबर बऱ्याच बँका स्वीकारत नाहीत. सगळ्यात स्वस्त प्रीपेड योजनेवर तो जिवंत ठेवा आणि ओटीपी भारतात येतो का हे आधीच्या एखाद्या सुट्टीतच तपासून बघा.

न्यू जर्सीहून कंटेनर येतोय. मिक्सर, मायक्रोवेव्ह, राइस कुकर, फ्रिज, टीव्ही, सगळं आणू का? ट्रान्सफॉर्मर लावला की चालेल ना?

काही चालेल, काही नाही, आणि कारण समजलं की यादी तुमची तुम्हालाच करता येईल. अमेरिकेत १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ. आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही.

प्रत्येक वस्तूच्या मागची पट्टी वाचा. '१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' असं लिहिलं असेल तर फक्त पिन बदलायची. लॅपटॉप, फोनचे चार्जर आणि बरेचसे टीव्ही यात येतात. टीव्हीचा तिथला अँटेनाचा भाग इथे उपयोगाचा नाही, पण सेट टॉप बॉक्स जोडून किंवा इंटरनेटवरून तो छान चालतो.

राइस कुकर, टोस्टर, इस्त्री यांत नुसती तापणारी तार असते, तिला हर्ट्झशी देणंघेणं नाही. पण १२० ची वस्तू चुकून थेट २३० वर लावली तर तिच्यातून जवळजवळ पावणेचारपट शक्ती जाते आणि ती काही सेकंदांत जळते. घरात एकाला माहीत आणि दुसऱ्याला नाही, अशा घरी हे हमखास होतं. शिवाय १५०० वॅटच्या हेअर ड्रायरसाठी लागणारा ट्रान्सफॉर्मर १५-२० किलोचा धोंडा असतो. नवा ड्रायर त्याच्या अंशात येतो.

मायक्रोवेव्ह आणू नका. त्याच्या आतला ट्रान्सफॉर्मर ६० हर्ट्झसाठी बांधलेला असतो, ५० वर तो जास्त तापतो आणि आयुष्य घटतं. फ्रिजच्या कॉम्प्रेसरचंही तेच: मोटर सहाव्या भागाने हळू फिरते आणि गरम होते. तिथला कपडे वाळवायचा ड्रायर तर वायरिंगच्या रचनेमुळेच इथे बसत नाही. केक-पावाचं पीठ मळणारा मोठा स्टँड मिक्सर मात्र, आवडीचा असेल तर, आणण्यासारखा आहे. त्याची ब्रशवाली मोटर ५० हर्ट्झवर व्यवस्थित चालते. तो ३२५ वॅटचा असेल तर ३२५ चा ट्रान्सफॉर्मर घेऊ नका. घट्ट कणीक मळताना मोटर क्षणभर बरीच जास्त वीज ओढते. ७५० व्हीएचा (साधारण ७५० वॅटचा), तांब्याच्या वेटोळ्याचा आणि फ्यूज असलेला घ्या. तो मिक्सरसाठीच ठेवा, त्यावर 'फक्त मिक्सर, ११० व्होल्ट' असं मोठ्या अक्षरांत चिकटवा आणि काम झालं की भिंतीवरचं बटण बंद करा, कारण रिकामा ट्रान्सफॉर्मरही तापत राहतो.

गॅसची शेगडी कोणत्याही देशातून आणू नका. पाइपच्या गॅससाठी बनलेल्या शेगडीच्या जेटचं भोक मोठं असतं. तिला सिलिंडरचा गॅस जोडला तर ज्योत पिवळी, उंच होते, भांडी काळी पडतात आणि घरात कार्बन मोनॉक्साइड साठू शकतो. इथेही सिलिंडरवरून एमएनजीएल या गॅसकंपनीच्या पाइपवर जाताना कंपनीचा माणूस जेट बदलतो, ते याच कारणाने.

ब्रिटनहून येणाऱ्या वाचकांसाठी: तुमचे व्होल्ट आणि हर्ट्झ आपल्यासारखेच आहेत, पण तुमच्या पिनेत १३ अँपिअरचा फ्यूज असतो, इथल्या पिनेत नसतो. पिन कापून बदलताना ओव्हन, हीटर यांना १६ अँपिअरची जाड पिन लावा आणि अर्थिंग तपासून घ्या.

वाघोलीत फ्लॅट घेतला. वॉशिंग मशीनचा हीटर दीड वर्षात गेला. मेकॅनिक म्हणतो पाणी जड आहे. पुण्याचं पाणी तर गोड म्हणून प्रसिद्ध!

गोड पाणी ते खडकवासल्याचं. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला या साखळीतून येणाऱ्या पाण्यात क्षार कमी असतात. ज्या सोसायट्या टँकर आणि बोअरवेलवर आहेत, तिथे बेसॉल्टच्या खडकातून झिरपलेलं पाणी येतं आणि त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम बरंच असतं. पाणी तापलं की हे क्षार हीटरवर पांढरा थर धरतात. थरामुळे उष्णता बाहेर जात नाही आणि हीटर आतल्या आत जळतो.

दोन-तीनशे रुपयांचा टीडीएस मीटर एकूण विरघळलेले क्षार सांगतो, जडपणा नाही. जडपणासाठी थेंब मोजायचा वेगळा किट मिळतो. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी टीडीएस ५०० आणि जडपणा २०० मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत योग्य धरतात. मे महिन्यात आणि ऑगस्टमध्ये, असं दोनदा मोजा, कारण उन्हाळ्यात टँकर वाढतात आणि पावसाळ्यात मिश्रण बदलतं.

कपडे शक्यतो ४० अंशांच्या खालीच धुवा. महिन्या-दोन महिन्यांनी रिकाम्या मशीनमध्ये १०० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड टाकून ६० अंशांवर एक फेरी चालवा. नळीच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी त्याच वेळी धुवा. सोसायटीने मिळून सॉफ्टनर बसवला तर उत्तम, पण त्याला वेळच्या वेळी मीठ घालणारा जबाबदार माणूस हवा. नाहीतर तो नुसती टाकी होऊन बसतो. गीझरमधला मॅग्नेशियमचा दांडा दरवर्षी काढून बघा, झिजला असेल तर बदला. पिण्याच्या पाण्याचा टीडीएस ५०० च्या आत असेल तर आरओची गरज नाही. कार्बन आणि यूव्ही पुरतं, आणि आरओत वाया जाणारं पाणीही वाचतं.

मुलगी अकरा वर्षांची, कॅनडात वाढलेली. मराठी कळतं, बोलायला लाजते, वाचता अजिबात येत नाही. इथल्या शाळेत कसं होणार?

महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं आहे, म्हणजे ती टळणार नाही. ते चांगलंच आहे, फक्त तयारी शाळा सुरू होण्याच्या सहा महिने आधी करा. व्याकरणाचं पुस्तक आणू नका. आधी लिपी: रोज वीस मिनिटं, आठवड्याला सात-आठ अक्षरं, मग बाराखडी. अडतं ते जोडाक्षरांत, आणि त्यातही 'र'मध्ये. सूर्य, चक्र, राष्ट्र, पुऱ्या या चार शब्दांत त्याची चार रूपं आहेत. ती एकेक करून, प्रत्येकी आठवडाभर घ्या. दुकानांच्या पाट्या आणि पीएमपीच्या बसवरची नावं वाचायला लावा. पाठ्यपुस्तकातल्या धड्यापेक्षा ते वाचन मुलं आनंदाने करतात.

बोलण्याची लाज जाते ती घरातल्या मोठ्यांच्या वागण्याने. तिचा 'ळ' किंवा 'ठ' चुकला की पाहुण्यांसमोर हसू नका, कौतुकानेही नाही. अकरा वर्षांच्या मुलीला ते फार लागतं आणि ती पुढचे महिनाभर इंग्रजीतच बोलते. आजी-आजोबांनी तिच्याशी इंग्रजी बोलण्याची धडपड करू नये. त्यांनी मराठीत बोलावं, तिने हव्या त्या भाषेत उत्तर द्यावं. मैदानावरचा खेळ लावा. खो-खो किंवा मल्लखांबाच्या वर्गात सूचना मराठीतच असतात आणि तिथे कुणी उच्चार मोजत नाही.

गणितात तिला संकल्पना येतील, पण वेग आणि लिहून दाखवण्याची पद्धत वेगळी वाटेल. लाख-कोटींचे स्वल्पविराम आधीच शिकवा. प्रवेशाची विचारपूस आधीच्या वर्षीच्या दिवाळीपासून सुरू करा. शाळा सोडल्याचा दाखला, मागच्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं, जन्मदाखला, लसीकरणाची नोंद आणि पासपोर्ट किंवा ओसीआय कार्ड यांच्या प्रती तयार ठेवा. शक्य असेल तर आठवीच्या आधी या. नववीत बोर्डाची नोंदणी होते आणि मग विषय बदलणं अवघड जातं.

यजमानांना मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे. ब्रिटनहून सहकारनगरला येतोय, सासूबाईंबरोबर राहणार. औषधं, विमा, आणि एका घरात नीट राहणं, तिन्हींची काळजी वाटते.

इन्सुलिनचं आधी, कारण ती चूक जिवावर बेतू शकते. तुमच्याकडे एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट असतात. इथे पेनची काडतुसं तशीच आहेत, पण बऱ्याच बाटल्या ४० युनिटच्या आहेत आणि त्यांच्या सिरिंजही वेगळ्या. ४० च्या सिरिंजने १०० चं इन्सुलिन भरलं तर अडीचपट डोस जातो. बाटली आणि सिरिंज, दोन्हींवरचा आकडा जुळतो का हे दर वेळी बघा. ब्रिटनच्या साखर मोजणाऱ्या मीटरचा आकडा इथल्या डॉक्टरांना सांगताना १८ ने गुणा: तिकडचे ७ म्हणजे इकडचे १२६. औषधांच्या चिठ्ठीवर कंपनीचं नाव नको, मूळ घटकाचं नाव आणि मिलिग्रॅम लिहून आणा.

विमा इथे येण्याआधीच घ्या. आधीपासून असलेल्या आजारांसाठी प्रतीक्षा जास्तीत जास्त ३६ महिने असू शकते आणि तिचं घड्याळ पॉलिसीच्या दिवसापासून चालतं. मधुमेह फॉर्मवर लिहा, लपवलात तर नेमका गरजेच्या वेळी दावा नाकारला जाईल. सासूबाई ७० च्या पुढे असतील तर उत्पन्न कितीही असलं तरी सरकारच्या आयुष्मान आरोग्य योजनेत वर्षाला ५ लाखांचं संरक्षण मिळतं. आधारवरून नोंदणी होते.

एकत्र राहण्याबद्दल. तुम्ही बाहेर होता तेवढी वर्षं त्या घराची घडी सासूबाईंनी एकटीने सांभाळली आहे. दूधवाला, वाणी, कामाच्या मावशींची वेळ, देवपूजा, दुपारची झोप, हे सगळं त्यांचं राज्य आहे. पहिले तीन महिने स्वयंपाकघरातला एकही डबा हलवू नका. तुमच्या वस्तूंसाठी एक कपाट आणि फ्रिजचा एक कप्पा मागून घ्या. मागून घेतलेलं टिकतं. त्या बँकेत स्वतः जात असतील तर जाऊ द्या, काळजीपोटी सगळं फोनवर आणून ठेवू नका. वीजबिल, किराणा आणि मावशींचा पगार कोण देणार हे पहिल्या आठवड्यात मोकळेपणाने ठरवा. न ठरवलेल्या पैशांवरून मनं दुखावतात, रकमेवरून नाही. मावशींचा दर मात्र परस्पर वाढवू नका. त्या जिन्यातल्या इतर घरांनाही ते निस्तरावं लागतं. दिवाळीला एक पगार आणि महिन्याच्या ठरलेल्या सुट्या नक्की द्या.

बदल करायचाच तर न्हाणीघरात करा: भिंतीत पक्का बसवलेला धरायचा दांडा, न घसरणारी फरशी आणि रात्री वाटेत मंद दिवा. यातलं काही पाहुण्यासारखं विचारून करायचं नाही, पहिल्या महिन्यातच करून टाकायचं.

सगळं मार्गी लागलं. तरी करमत नाही. जुने मित्र भेटतात, पण त्यांचे विषय वेगळे.

त्यांची वीस वर्षं तुमच्याशिवाय गेली आहेत, तुमची त्यांच्याशिवाय. एका जेवणात ती भरून निघणार नाहीत. 'तिकडे असं असतं' हे वाक्य तुम्ही माहिती म्हणून बोलता, ऐकणाऱ्याला मात्र तुलना वाटते. कुणी विचारल्याशिवाय ते नको. गप्पांच्या भेटींपेक्षा ठरलेल्या वाराचं आणि वेळेचं काम धरा. वेताळ टेकडीवर सकाळी साडेसहाला तीच माणसं रोज दिसतात. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासून आहे, सभासद व्हा आणि ठरावीक वारी जा. सवाई गंधर्व महोत्सवाला डिसेंबरात पूर्ण दिवसांचं तिकीट काढून शेजारच्याच खुर्चीवरच्यांशी ओळख करून घ्या. टेकडीवरची झाडं जगवणाऱ्या किंवा मुलांना वाचून दाखवणाऱ्या एखाद्या गटात सलग वर्षभर जा. ओळख नियमाने येणाऱ्याशीच होते. आणि पहिल्या वर्षात परत जायचा निर्णय घेऊ नका. उन्हाळा, पावसाळा, गणपती, दिवाळी असं एक पूर्ण चक्र इथे काढून मगच ठरवा.

माझं इथलं लायसन्स संपून तीन वर्षं झाली. फी भरून नवं होईल का?

नाही. मुदत संपल्यावर एक वर्षाच्या आत नूतनीकरण झालं तरच चाचणी टळते. आता पुन्हा चाचणी द्यावी लागेल, आणि वय ४० च्या पुढे असेल तर डॉक्टरांचं प्रमाणपत्रही. अर्ज परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर करा. पत्ता बदलला असेल तर आधी आधारवर नवा पत्ता चढवा. भाड्याने राहत असाल तर नोंदणीकृत भाडेकरार त्यासाठी चालतो. चाचणीआधी दहा-बारा दिवस ड्रायव्हिंग स्कूलची दोन्हीकडे ब्रेक असलेली गाडी घ्या. उजव्या बाजूने चालवण्याची सवय चौकात वळताना उफाळून येते, आणि डावीकडून पुढे जाणाऱ्या दुचाक्या आरशात बघण्याची सवय मुळापासून लावावी लागते. गाडी थांबल्यावर दार उघडताना लांबच्या, म्हणजे डाव्या हाताने उघडा; मान आपोआप मागे वळते आणि मागून येणारा दुचाकीवाला दिसतो.